दोनच पक्ष का नाही उरले आपल्याकडे? (निवडणूक पद्धत आणि पक्षांची संख्या)

नदीकाठ
फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी 1951 मध्ये एक सूत्र मांडलं. एका मतदारसंघातून एकच जण निवडायचा आणि सगळ्यात जास्त मतं ज्याला तो विजयी, अशी पद्धत असली की हळूहळू दोनच पक्ष उरतात. तिसऱ्या-चौथ्या पक्षाला मतं पडतात पण जागा मिळत नाहीत, त्यामुळे तो खंगत जातो. आणि हे लोकांच्या लक्षात आलं की आवडता उमेदवार पडणार हे माहीत असताना त्याला मत देऊन ते वाया घालवायला कुणी तयार होत नाही.

आता आपल्याकडे बघा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून 'जास्त मतं तो विजयी' हाच नियम आहे. तरी 2014 च्या विधानसभेत भाजप 122, शिवसेना 63, काँग्रेस 42, राष्ट्रवादी 41. चौघे स्वतंत्र लढले आणि चौघांनाही चाळीसच्या वर जागा. 2024 मध्ये दोन सेना, दोन राष्ट्रवादी धरून मोठे पक्ष सहा.

मग सूत्र चुकलं, की आपण ते चुकीच्या जागी लावतोय? माझा कल असा आहे की जात, भाषा, प्रांत यांचा जोर इतका मोठा आहे की मतमोजणीच्या नियमाला तो फारसा जुमानत नाही. तुम्हाला काय वाटतं?

एक विनंती. कोणता पक्ष चांगला, कोणता गद्दार, यावर धागा नेऊ नका.

गणितवेडा
आधी मोजायचं कसं ते ठरवू. एक आमदार असलेला पक्ष आणि 122 आमदार असलेला पक्ष दोघांनाही 'एक पक्ष' म्हणून मोजलं तर काहीच कळत नाही. लाक्सो आणि तागेपेरा या दोघांनी 1979 मध्ये सोपी युक्ती दिली. प्रत्येक पक्षाच्या वाट्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, आणि एकाला त्या बेरजेने भागा. चार पक्ष अगदी समसमान असतील तर उत्तर 4 येतं. एकच पक्ष बलाढ्य असेल तर ते एकाकडे झुकतं.

महाराष्ट्र 2014 ला हे लावलं तर मतांच्या हिशेबाने साधारण साडेपाच 'परिणामकारक' पक्ष येतात, जागांच्या हिशेबाने साधारण 3.7. म्हणजे लोकांनी मतं दिली साडेपाच पक्षांना, सभागृहात पोचले पावणेचार. मधले पावणेदोन पक्ष नियमाने गिळले. नियमाला कुणी जुमानत नाही असं म्हणता येणार नाही, नदीकाठ.

माणदेशी
पक्ष राज्यात मोजू नका, मतदारसंघात मोजा. द्युव्हर्जेचं सूत्र तिथेच चालतं. आमच्या सांगोल्यात वर्षानुवर्षं लढत म्हणजे शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) विरुद्ध समोरचा जो कोण असेल तो. गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा आमदार झाले. राज्यात शेकापची ताकद किती उरली होती ते सगळ्यांना माहीत आहे, पण सांगोल्यात तो पहिल्या दोनांत होता, म्हणून टिकला. अलिबागकडे दुसरी जोडी, नागपुरात तिसरी, मुंबईत चौथी. प्रत्येक ठिकाणी दोघंच, पण प्रत्येक ठिकाणचे दोघं वेगळे. 288 जोड्यांची बेरीज केली की विधानसभेत गर्दी दिसते.

पडणाऱ्या पक्षाचं मरण पसरलेल्या मतांत असतं. ज्याची मतं एका तालुक्यात गोळा झालीत तो जगतो.

खामकाठ
@माणदेशी, प्रत्येक ठिकाणी दोघंच? औरंगाबाद लोकसभा 2019 बघा. इम्तियाज जलील 3 लाख 89 हजार, चंद्रकांत खैरे 3 लाख 84 हजार, अपक्ष हर्षवर्धन जाधव 2 लाख 83 हजार, काँग्रेस 91 हजार. निकाल लागला 4,492 मतांनी. दोघं कुठे आहेत यात?

माणदेशी
@खामकाठ, ते मान्य. पण त्या निकालानंतर तुमच्याकडे पारावर काय चर्चा होती सांगा. "जाधवांनी मतं खाल्ली" हीच ना? लोक हिशेब लगेच करतात.

खामकाठ
चर्चा तीच होती. पण 2024 मध्येही तिरंगी लढत झालीच. संदिपान भुमरे निवडून आले, जलील दुसरे, खैरे तिसरे. कारण आपण दुसरे की तिसरे हे मतदानाआधी कुणालाच माहीत नसतं. प्रत्येक गटाला वाटतं की आपलाच माणूस दुसरा आहे, दुसऱ्यांनी माघार घ्यावी. सूत्र चालायला आधी हे माहीत असावं लागतं की कोण पडणार आहे. सेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, युत्या दर निवडणुकीला बदलल्या, तर मतदाराने अंदाज बांधायचा कशावर?

वेलिंग्टनची_वारी
न्यूझीलंडमध्ये राहते, इथलं सांगते. देश तोच, माणसं तीच, फक्त नियम बदलला, त्यामुळे फरक स्पष्ट दिसतो.

1993 पर्यंत इथे आपल्यासारखीच पद्धत होती. नॅशनल आणि लेबर, दोनच पक्ष. 1981 मध्ये सोशल क्रेडिट नावाच्या पक्षाला 20 टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि जागा मिळाल्या 92 पैकी 2. त्याच निवडणुकीत लेबरला नॅशनलपेक्षा थोडी जास्त मतं होती, तरी सरकार नॅशनलचं आलं. 1978 मध्येही तसंच झालं होतं. लोक चिडले. 1993 च्या सार्वमतात सुमारे 54 टक्क्यांनी नवी मिश्र पद्धत निवडली आणि 1996 ला ती पहिल्यांदा वापरली.

आता प्रत्येकाला दोन मतं. एक आपल्या भागाच्या खासदाराला, एक पक्षाला. पक्षाला देशभरात जितकी टक्के मतं, साधारण तितक्या टक्के जागा. 5 टक्के मतं किंवा मतदारसंघाची एक तरी जागा जिंकली पाहिजे ही अट.

अलायन्स या पक्षाचं बघा. 1993 मध्ये 18 टक्के मतं, जागा 2. 1996 मध्ये मतं कमी होऊन 10 टक्क्यांवर आली, आणि जागा 13! संसदेत एकदम सहा पक्ष आले. तेव्हा नियमाला लोक जुमानत नाहीत हे मला पटत नाही. दोन पक्षांच्या पोटात इतकी वर्षं बाकीचे दाबून ठेवलेले होते, झाकण काढल्यावर वर आले.

पण अटीचेही विचित्र प्रकार होतात. 2008 ला न्यूझीलंड फर्स्टला 4.07 टक्के मतं पडली आणि तो संसदेबाहेर गेला. ॲक्ट पक्षाला त्याहून कमी, 3.65 टक्के. पण त्यांनी ऑकलंडमधला एप्सम हा मतदारसंघ जिंकला होता, म्हणून त्यांना 5 जागा.

स्थिरमती
प्रमाणशीर पद्धतीचं इतकं कौतुक नको. इस्रायलमध्ये पूर्ण देश म्हणजे एकच मतदारसंघ, 120 जागा, सव्वातीन टक्क्यांची अट. एप्रिल 2019 ते नोव्हेंबर 2022 या काळात तिथे पाच निवडणुका झाल्या. पाच! दोन-चार खासदारांचा पक्ष सरकारच्या मानेवर बसतो आणि आपल्या एका मागणीसाठी देश वेठीला धरतो. आपल्याकडे केंद्रात 1996 ते 1999 काय झालं आठवा. आणि ते तर आपल्या साध्या पद्धतीत झालं होतं. त्यात प्रमाणशीर पद्धत असती तर पन्नास पक्ष आले असते.

राईनवरून
@स्थिरमती, अट किती ठेवली यावर सगळं अवलंबून आहे. इथे जर्मनीत 5 टक्क्यांची अट आहे आणि संसदेत पक्ष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. 2025 मध्ये बीएसडब्ल्यू या नव्या पक्षाला 4.98 टक्के मतं मिळाली. अवघ्या काही हजार मतांनी ते बाहेर राहिले. लाखो मतदारांचा एकही खासदार नाही.

अट फार वर नेली की काय होतं ते तुर्कस्तानात दिसलं. तिथे 10 टक्के होती. 2002 च्या निवडणुकीत फक्त दोन पक्ष अट ओलांडू शकले. 34 टक्के मतांवर एका पक्षाला जवळजवळ दोन तृतीयांश जागा आणि देशातली सुमारे 45 टक्के मतं कुणाच्याच खात्यात नाहीत. तेव्हा 'प्रमाणशीर म्हणजे पन्नास पक्ष' असं समीकरण नाही.

उंबरठा
म्हणजे सगळी गंमत उंबऱ्याच्या उंचीची. माझ्या आयडीला अखेर भाव आला. 🙂

वऱ्हाडी_पाहुणा
हा वाद आपल्या संविधान सभेत झालेला आहे, आणि तो मांडणारा आमच्याकडचा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी 1949 मध्ये दुरुस्ती सुचवली होती की लोकसभेची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने, एकत्रित मतांच्या सोयीसह व्हावी. म्हणजे मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकालाच द्यायची मुभा. बाबासाहेबांनी विरोध केला. मुद्दे दोन. देशात साक्षरता नाही, ही पद्धत लोकांना झेपणार नाही. आणि सभागृहाचे तुकडे होतील, सरकार टिकणार नाही.

स्थिरमतींचाच मुद्दा. पण मला यात एक गोष्ट सतत सलते. 1937 मध्ये मुंबई प्रांताच्या निवडणुकीत हीच एकत्रित मतांची सोय होती. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष जेमतेम काही महिन्यांचा होता. त्यांच्या समाजाची संख्या प्रत्येक मतदारसंघात कमी, पण सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पदरात टाकता येत होती. पक्षाने सतरा उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. स्वतः बाबासाहेब भायखळा-परळमधून आले.

आता 1952. उत्तर मुंबई हा दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतं, पण एका उमेदवाराला एकच देता येणार. दोन्ही एकाला टाकली तर त्यातलं एकच धरणार, दुसरं बाद. बाबासाहेब राखीव जागेवर नारायण काजरोळकरांकडून सुमारे 14 हजार मतांनी हरले. 1954 ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक, तीही दोन जागांची. सोबतचे अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. तोच नेता, तोच पाठीशी उभा राहणारा समाज. 1937 ला मतं एकवटता येत होती, 1952 ला येत नव्हती. काँग्रेसची लाट होती हे खरंच, पण नियमाचा भाग विसरून चालणार नाही.

निळाई
वऱ्हाडी_पाहुणा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे ही गोष्ट 'बाबासाहेबांना पाडलं' एवढ्यावर थांबते, नियमाबद्दल कुणी बोलत नाही.

पुढचं मी लिहिते. आमची मतं महाराष्ट्रभर आहेत, जवळजवळ प्रत्येक मतदारसंघात आहेत, आणि म्हणूनच एकट्याने कुठेच पुरत नाहीत. @माणदेशी म्हणतात ते 'पसरलेल्या मतांचं मरण' आम्ही तीन पिढ्या भोगतोय. 1957 ला संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत होतो तेव्हा शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे लोक निवडून आले. 1998 ला काँग्रेससोबत होतो तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार एकदम निवडून गेले, आणि चारही खुल्या जागांवरून: प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून, रामदास आठवले मुंबईतून. 2019 ला वंचितने वेगळी वाट धरली. राज्यात सात टक्क्यांच्या आसपास मतं, आणि वंचितची स्वतःची जागा शून्य.

लोक विचारतात, रिपब्लिकन पक्षाचे इतके गट का? अहो, युतीशिवाय जागा नाही हे एकदा ठरलं की कुणाशी युती करायची यावरच पक्ष फुटणार. एक गट इकडे, एक तिकडे, एक स्वतंत्र. ही फूट नेत्यांच्या स्वभावाची तर आहेच, पण पद्धतीचीही आहे.

मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या घरात दर वेळी एकच वाद असतो. आई म्हणते मत आपल्याच माणसाला. भाऊ म्हणतो, "आपला येणार नाही, आणि तुझ्या मताने नको तो येईल." आई म्हणते, "मी मत कुणाला पाडायला देत नाही, द्यायचं म्हणून देते." सकाळी दोघं एकाच रिक्षातून केंद्रावर जातात. द्युव्हर्जेचं सूत्र आमच्या घरात भावाला लागू आहे, आईला नाही.

स्थिरमती
@निळाई, तुमचा मुद्दा पोचला. सात टक्के मतांना शून्य जागा हे मलाही बरोबर वाटत नाही. पण उपाय म्हणून पूर्ण राज्य एक मतदारसंघ केलात तर आमचा आमदार कोण हे गावाला कळणार नाही. रस्ता खचला, रोहित्र जळलं तर फोन कुणाला करायचा?

म्हापशेकार
गोव्याची उलटी गोष्ट ऐका. आमच्याकडे 40 मतदारसंघ, आणि एकेकात सरासरी तीस हजारांच्या आत मतदार. इतक्या लहान मतदारसंघात पक्षापेक्षा माणूस मोठा. आमदार प्रत्येक वाड्यावर चवथीला आणि फेस्ताला जाऊन येतो, त्यामुळे तो ज्या पक्षात जाईल तिथे त्याची मतं जातात. 2022 ला सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोअन्सचा उमेदवार 76 मतांनी आला. पणजीत बाबूश मोन्सेरात 716 मतांनी. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) साडेसात टक्क्यांवर 2 जागा, 'आप'ला त्याहून थोड्या कमी मतांवर 2, रिव्होल्युशनरी गोअन्सला साडेनऊ टक्क्यांवर 1, तृणमूलला पाच टक्क्यांवर शून्य. आणि भाजपला 33 टक्क्यांवर बरोबर अर्ध्या, 20.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही या वादाच्या काळात मात्र आमच्याकडेही खरे दोनच पक्ष होते, मगो आणि युनायटेड गोअन्स. प्रश्न एक आणि बाजू दोन होत्या, म्हणून. तेव्हा नदीकाठ यांचाही मुद्दा अगदीच सोडून देऊ नका. समाजापुढचा वाद किती बाजूंचा आहे त्यावरही पक्ष ठरतात.

कसबेकर
पुण्यातून लिहितो. स्थिरमती विचारतात आमचा माणूस कोण. आमच्या महापालिकेत एकाच प्रभागात चार नगरसेवक आहेत आणि पाणी आलं नाही की चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

या प्रभाग पद्धतीबद्दल खूप गैरसमज आहे. चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे प्रमाणशीर काही नाही. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीची लढत वेगळी, प्रत्येकीत जास्त मतं तो विजयी. मतदाराने चार बटणं दाबायची. मी 2017 ला एका केंद्रावर पोलिंग एजंट होतो. एक आजी एकच बटण दाबून बाहेर यायला निघाल्या. यंत्राचा आवाज आला नाही म्हणून अधिकाऱ्यांनी थांबवलं, "आजी, अजून तीन राहिली." आजी म्हणाल्या, "मला त्या एकालाच द्यायचं होतं, बाकीचे मी ओळखत नाही." मग शेवटी उरलेली तीन त्यांनी त्याच चिन्हावर दाबली असावीत, कारण बाहेर येताना म्हणाल्या, "एकाच रांगेत दिली सगळी."

तिथेच पॅनल जिंकतं. एक वजनदार उमेदवार तिघांना ओढून नेतो. 2012 ला पुण्यात दोनचे प्रभाग होते. राष्ट्रवादी 51, मनसे 29, काँग्रेस 28, भाजप 26, सेना 15. 2017 ला चारचे झाले. भाजप 97, राष्ट्रवादी 39, सेना 10, काँग्रेस 9, मनसे 2. लाट होतीच, सगळं श्रेय प्रभागाला देत नाही. पण एका गल्लीत काम असलेला लहान पक्षाचा कार्यकर्ता एकाच्या वॉर्डापेक्षा तिप्पट-चौपट मोठ्या प्रभागात पुरा पडत नाही. त्याला तीन जोडीदार, चौपट पत्रकं आणि चौपट पैसा कुठून येणार? मुंबईत एकेकाचेच वॉर्ड राहिले. तिथे 2017 ला सेना 84 आणि भाजप 82 च्या खाली काँग्रेस, राष्ट्रवादी, मनसे, समाजवादी, एमआयएम सगळ्यांना काही ना काही मिळालं.

गणितवेडा
@कसबेकर, म्हणजे 'जास्त जागांचा मतदारसंघ म्हणजे जास्त पक्ष' हा नियम तेव्हाच खरा जेव्हा मतदाराचं मत सगळ्या जागांसाठी मिळून एकच असतं. जागा चार आणि मतंही चार दिली की बहुमतवाला चारही नेतो.

शांतारामाचा_नातू
आणि प्रमाणशीर मतदान आपल्या लोकांना झेपणार नाही असं कुणी म्हणू नका. राज्यसभेची आणि विधान परिषदेची निवडणूक आपले आमदार पसंतीक्रमानेच करतात. 1, 2, 3 लिहितात, निवडून यायला किती मतं लागतात तो कोटा ठरतो, उरलेली मतं पुढच्या पसंतीला जातात. जून 2022 ला राज्यसभेची सहावी जागा कशी फिरली ते आख्ख्या महाराष्ट्राने रात्रभर टीव्हीवर पाहिलं. पदवीधर मतदारसंघात तर आपण सामान्य लोक पसंतीक्रम लिहितो. 2023 ला अमरावती पदवीधरची मोजणी दुसऱ्या पसंतीवर गेली. आमदार स्वतःसाठी जी पद्धत वापरतात ती आम्हाला का नाही, हा माझा साधा प्रश्न आहे.

नदीकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय. आता मला प्रश्न असा दिसतो. नियम पक्षांची संख्या मतदारसंघात आवळतो, हे न्यूझीलंडवरून आणि सांगोल्यावरून पटतं. पण वेगवेगळ्या मतदारसंघांतल्या जोड्या देशभर एकाच नावाखाली का येत नाहीत? प्रदीप छिब्बर आणि केन कोलमन यांनी यावर लिहिलंय की सत्ता आणि पैसा दिल्लीत एकवटला की पक्षही देशव्यापी होतात, राज्यांच्या हातात जास्त आलं की प्रादेशिक पक्ष वाढतात. केरळात तेच दिसतं. पक्ष डझनभर, पण आघाड्या दोन. म्हणजे आपल्याकडे सूत्र पक्षांना लागू होत नाही, आघाड्यांना होतं. महायुती आणि महाविकास आघाडी हे आपले दोन 'पक्ष'. जागावाटपाची बैठक हीच खरी प्राथमिक फेरी, आणि तिथे मतदाराला प्रवेश नाही.

निळाई
@नदीकाठ, शेवटचं वाक्य अगदी खरं. कुणाच्या वाट्याला किती जागा हे बंद खोलीत ठरतं आणि आमच्या सात टक्क्यांची किंमत तिथे लावली जाते.

कसबेकर
मग सुरुवात महापालिकेपासून करा ना. चारचे प्रभाग आहेतच. चार बटणांऐवजी एकच मतपत्रिका, पसंतीक्रम लिहायचा, साधारण वीस टक्के मतं मिळाली की एक जागा. मतदारसंघ लहानच राहतो, माणूस ओळखीचा राहतो (@स्थिरमती), आणि वीस टक्केवाल्यालाही नगरसेवक मिळतो.

स्थिरमती
ऐकायला बरं आहे. पण आरक्षणाचं काय? अ अनुसूचित जातीला, ब ओबीसी महिलेला, क सर्वसाधारण महिलेला, अशा जागा ठरलेल्या असतात. चारही एका मतपत्रिकेत टाकल्यात तर राखीव जागेवर कोण आलं हे कसं ठरवणार?

वऱ्हाडी_पाहुणा
1952 आणि 1957 च्या दोन जागांच्या मतदारसंघात हे ठरवत होतेच. राखीव उमेदवारांत ज्याला सगळ्यात जास्त मतं, त्याला आधी निवडून आलेला धरायचं. मग उरलेल्या सगळ्यांत जो वर, तो दुसऱ्या जागेवर, मग तो राखीव गटातला असला तरी चालेल. 1957 ला आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये असे दोन्ही जण अनुसूचित जमातीचे आले आणि व्ही. व्ही. गिरी पडले. ते कोर्टात गेले आणि तिथेही हरले. 1961 मध्ये दोन जागांचे मतदारसंघच रद्द केले. चार जागांत, त्यात निम्म्या महिला, हे किचकट होईल हे मान्य. पण मोजणीचा क्रम नीट लिहून काढला तर अशक्य नाही. गणितवेडा, एखाद्या प्रभागाचं काल्पनिक उदाहरण घेऊन करून दाखवता का?

गणितवेडा
करतो. दोन राखीव, दोन महिला, दहा उमेदवार असं धरतो. रविवारपर्यंत वेळ द्या. कसबेकर, 2017 च्या तुमच्या प्रभागाचे चारही जागांचे मतांचे आकडे असतील तर इथे टाका, काल्पनिक घेण्यापेक्षा खरेच वापरू.